बाळंतिणीचे मन कोण तपासणार?

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात आणि ते खरेच आहे. म्हणून तर दिवस राहिल्याचे कळल्यापासून घरी आणि दवाखान्यात तिची जपणूक सुरू होते. वजन घेतात, रक्तदाब मोजतात, हिमोग्लोबिन पाहतात, लोहाच्या गोळ्या देतात, धनुर्वाताचे इंजेक्शन टोचतात, सोनोग्राफी करतात. बाळंत झाल्यावर शेक-शेगडी, तेल-मालीश, डिंकाचे आणि मेथीचे लाडू. शरीराची एवढी काळजी घेणारे आपण एक प्रश्न मात्र विचारायचे विसरतो : "बाई, तुझे मन कसे आहे?"

हा प्रश्न प्रत्येक गरोदर बाईला आणि प्रत्येक बाळंतिणीला विचारला गेला पाहिजे. रक्तदाब मोजतात त्याच टेबलावर, त्याच चिठ्ठीवर आणि तितक्याच सहजपणे तो विचारावा, असे आमचे मत आहे. मौद्यासारख्या तालुक्याच्या गावात हे होऊ शकते. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत की नवीन इमारत लागत नाही. ते का व्हावे आणि कसे व्हावे, एवढेच आजच्या लेखात सांगायचे आहे.

रडू, उदासी आणि वेड : तिन्ही वेगळे

बाळंतपणानंतर मनाला होणारा त्रास तीन प्रकारचा असतो. त्यांची गल्लत झाली की एकतर उगाच घाबरगुंडी उडते, नाहीतर धोक्याचा आजार अंगावर काढला जातो.

पहिला प्रकार साधा आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला कारण नसताना रडू येते, चिडचिड होते, मन हळवे होते. निम्म्याहून अधिक बायकांना हे होते. शरीरातील संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, झपाट्याने उतरतात, त्यात झोपमोड आणि थकवा असतो. धीर दिला, झोप मिळू दिली की दहा ते चौदा दिवसांत हे आपोआप जाते. औषध लागत नाही.

दुसरा प्रकार नैराश्याचा, म्हणजे डिप्रेशनचा. दोन आठवडे उलटले तरी उदासी जात नाही. कशातच मन रमत नाही. बाळ झोपले तरी आईला झोप लागत नाही. भूक मरते. बाळाविषयी माया वाटत नाही, आणि माया वाटत नाही म्हणून स्वतःचीच लाज वाटते. "मी वाईट आई आहे, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास आहे" असे विचार पिंगा घालू लागतात. आपल्याकडची बाई "मला नैराश्य आले" असे म्हणत नाही. ती म्हणते, "डोकं भणभणते", "जीव घाबरा होते", "हातपाय गळून गेले", "कशातच जीव लागत नाही". मग तिला ताकदीचे सलाइन लावून घरी पाठवले जाते. हा आजार औषधाने आणि बोलण्याच्या उपचाराने बरा होतो. मात्र तो ओळखला गेला पाहिजे.

तिसरा प्रकार दुर्मिळ, परंतु तातडीचा. हजार बाळंतपणांमागे एखाद-दुसऱ्या बाईला तो होतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच एकाएकी सुरू होतो. बाई रात्र रात्र झोपत नाही, असंबद्ध बोलते, घरच्यांवर संशय घेते, नसलेले आवाज तिला ऐकू येतात, बाळ बदलले आहे किंवा बाळात काही शक्ती शिरली आहे असे तिला वाटते. सकाळी ठीक आणि दुपारी बिघडलेली, असेही दिसते. यात आईच्या आणि बाळाच्याही जिवाला धोका असतो. अंगावरून जास्त रक्त जाऊ लागले तर आपण जसे धावतो, तसेच येथे त्याच दिवशी धावले पाहिजे. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात आणि आपले लेकरू स्वतः वाढवतात.

गोव्यात काय दिसले?

"हे सारे शहरातल्या बायकांचे लाड," असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी शेजारच्या गोव्यातील एका अभ्यासाची हकीकत सांगतो. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले तेव्हा शेकडा २३ बायकांना नैराश्याचा आजार होता. त्यांतील शेकडा ७८ जणी गरोदरपणातच मनाने त्रस्त झाल्या होत्या. म्हणजे आजाराची चाहूल आधीच लागली होती, विचारणारे कोणी नव्हते. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हाही त्यांतल्या निम्म्याहून अधिक आजारीच होत्या.

कोणत्या बायकांना हा आजार अधिक झाला? घरात पैशाची ओढाताण असलेल्या, नवऱ्याशी पटत नसलेल्या, मारहाण सोसणाऱ्या. आणि मुलगा हवा असताना मुलगी झालेल्या. वाचकांनी हे शेवटचे कारण पुन्हा एकदा वाचावे. मुलगी झाली म्हणून दवाखान्याच्या बाकावर उमटलेले मौन बाळंतिणीला आत खाटेवर ऐकू जाते. या कारणावर कोणतीही गोळी नाही. त्याचा उपाय सासू, नवरा आणि आपण सारे यांच्याच हाती आहे.

याच संशोधकांनी पुढे त्या बाळांकडे पाहिले. आई उदास राहिलेल्या घरात सहा महिन्यांच्या बाळाचे वजन आणि उंची कमी भरली, त्याची बौद्धिक वाढही मागे पडल्याचे दिसले. आपण कुपोषणासाठी बाळाला तोलतो, पोषण आहार देतो. पण ते बाळ ज्या मांडीवर दूध पिते त्या आईला काय झाले आहे, हे विचारत नाही.

गोव्याचा आकडा एकटा नाही. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांतील वीस हजारांवर मातांची माहिती २०१७ मध्ये एकत्र केली गेली, तेव्हा प्रमाण शेकडा २२ आले. म्हणजे सुमारे पाच बाळंतिणींमागे एक. आपल्या गल्लीत, आपल्या वाड्यात गेल्या वर्षी किती बारशी झाली ते मोजा, म्हणजे हा आकडा आपल्या किती जवळचा आहे ते कळेल.

"आमच्या वेळी असे नव्हते"

घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "आम्हांला आठ-आठ लेकरे झाली, सव्वा महिन्यात रोवणीला गेलो, आम्हांला नाही झाले असले काही." त्यांच्या कष्टांबद्दल आदर बाळगूनही हे म्हणणे मान्य करता येत नाही. पॅरिसचे डॉक्टर लुई मार्से यांनी गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मनोविकारांवर १८५८ मध्येच ग्रंथ लिहिला. आजार जुनाच आहे. बोलण्याची सोय नव्हती.

न बोललेल्या दुखण्याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेकडा ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या केवळ शेकडा ८. त्याआधी कोणी विचारले असते तर गावानेही सांगितले असते की, "आमच्या बायकांना काही नाही." बाई सोसते याचा अर्थ ती निरोगी आहे, असा काढता येत नाही. अंगाच्या दुखण्याबाबत हे सिद्ध झाले, मनाच्या दुखण्याबाबत ते अधिकच खरे आहे.

आणि परिस्थितीही बदलली आहे. आपल्या तालुक्यात औष्णिक वीज केंद्र उभे राहिले, कारखाने आले, परप्रांतांतून तरुण कुटुंबे आली. भाड्याच्या खोलीत नवरा पाळीवर गेला की ओली बाळंतीण एकटी. तिची आई हजार किलोमीटरवर. दुसरीकडे धानाच्या पट्ट्यातील शेतमजूर बाई रोवणीचा हंगाम बुडू नये म्हणून कच्च्या अंगाने चिखलात उतरते. पूर्वीचा सव्वा महिना काहींना राहिला नाही, आणि ज्यांना मिळतो त्यांना त्या खोलीत कोणी मनातले विचारत नाही.

बाहेरची बाधा की आजार?

बाळंतीण वेगळे वागू लागली की पहिला संशय नजर लागल्याचा, बाहेरची हवा लागल्याचा. लिंबू-मिरची, उतारा, मग भगत. यात आठ-पंधरा दिवस जातात, आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

आमचा वाद कोणाच्या श्रद्धेशी नाही. देवाला नवस जरूर बोला. पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा. त्याला एक महत्त्वाचे वैद्यकीय कारण आहे. बाळंतपणानंतर बाई बरळू लागली तर त्यामागे मनोविकारच असेल असेही नाही. गर्भाशयातील जंतुसंसर्गाचा ताप, मेंदूच्या शिरेत साकळलेले रक्त, वाढलेल्या रक्तदाबाचे झटके, तीव्र रक्तक्षय, थायरॉईडचा बिघाड यांनीही असे होते. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जी पद्धत काही घरांत आहे ती यासाठीच धोक्याची. अंगातले पाणी कमी झाले की रक्त साकळण्याची भीती वाढते. यातले काय आहे हे रक्त-लघवी तपासून डॉक्टरच सांगू शकतो, लिंबू सांगू शकत नाही. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला मारणे, चटके देणे, बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

औषधांची भीती

"मनाच्या गोळ्या सुरू केल्या की दूध तोडावे लागते," हा समज घरोघरी आहे. तो सरसकट खरा नाही. नैराश्यावरची काही औषधे, उदाहरणार्थ सर्ट्रालीन, आईच्या दुधात फारच थोडी उतरतात आणि स्तनपान चालू ठेवून देता येतात. काही औषधे मात्र टाळावी लागतात. फिट आणि मनोविकार या दोहोंसाठी वापरले जाणारे व्हॅलप्रोएट हे त्यांतले एक. गर्भारपणी ते घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यात व्यंग राहण्याचा आणि बुद्धी मंदावण्याचा धोका असतो. म्हणून ज्या तरुणीला आधीपासून अशी औषधे चालू आहेत, तिने मूल होऊ देण्याचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. तसेच, दिवस राहिल्याचे कळताच घाबरून सगळ्या गोळ्या एकदम बंद करू नयेत. त्याने आजार उलटतो आणि बाळंतपणात अधिक जोराने येतो. कोणती बंद करायची, कोणती बदलायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

शॉकच्या उपचाराविषयीही सिनेमांनी भलते चित्र उभे केले आहे. अतिशय गंभीर आजारात तो जीव वाचवणारा ठरतो, आणि भूल दिल्याशिवाय तो देण्यास कायद्याने बंदी आहे.

आईपासून लेकरू तोडू नका

आपल्याकडे मोठी भीती आहे ती 'पागलखान्या'ची. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्या काळी वेड्याला समाजापासून दूर ठेवणे एवढाच अर्थ त्या भिंतींना होता. आज तेथे बाह्यरुग्ण विभाग चालतो, बहुसंख्य रुग्ण औषध घेऊन घरी जातात. पण नाव घेतले की सासर-माहेर दोन्ही दचकतात. बाईला दाखल करण्याची वेळ आली की बाळ आजीकडे, बाई वॉर्डात, आणि बरी होऊन आली तरी "वेडीच्या हातात लेकरू कसे द्यायचे?" असा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी तिला माहेरी धाडून देतात आणि ती परत येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याबाबत स्पष्ट तरतूद केली आहे, ती प्रत्येक घराला ठाऊक असावी. मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाईचे मूल तीन वर्षांखालील असेल, तर त्याला सर्वसाधारणपणे आईपासून वेगळे करता येत नाही. बाळाला धोका आहे असे डॉक्टरांना वाटले तरच तात्पुरते वेगळे ठेवायचे, आणि तो निर्णय दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायचा. ताटातूट सलग तीस दिवसांपुढे गेली तर प्राधिकरणाची मंजुरी लागते. हा बाईचा हक्क आहे.

पण हक्क कागदावर आणि खाट वॉर्डात, यांत अंतर असते. मायलेकरांना एकत्र ठेवून उपचार करण्यासाठी वेगळी खोली, बाळाला सांभाळणारी परिचारिका, जवळ बालरोगतज्ज्ञ हे सारे लागते. असा भारतातला पहिला कक्ष बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डॉ. प्रभा चंद्रा यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये सुरू झाला, तो अवघ्या पाच खाटांचा. विदर्भातील बाईने त्यासाठी बंगळुरू गाठावे काय? नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, स्त्रियांसाठी डागा रुग्णालय आहे, एम्स आहे. मानसोपचारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकाच छपराखाली असतील तेथे मायलेकरांसाठी दोन-चार खाटा कायम राखून ठेवणे शासनाला जड नाही. आपल्या आमदार-खासदारांनी रस्ते-पुलांसोबत ही मागणीही लावून धरावी.

बाळंतपणापुरतेच नव्हे

बाईच्या मनावर परिणाम करणारे आणखीही टप्पे आहेत. पाळीच्या आधीच्या आठवड्यात काही मुलींना व बायकांना इतकी उदासी आणि संताप येतो की कॉलेज, नोकरी, घर सारे विस्कटते आणि पाळी सुरू होताच मन निवळते. शंभरात तीन ते आठ जणींना हा त्रास तीव्र असतो. दोन-तीन महिने तारखांसह वहीत नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवली तर निदान सोपे होते. त्यावर औषध आहे.

गर्भपात झालेल्या किंवा मृत बाळ जन्मलेल्या बाईचे दुःख आपण "अजून वय आहे, दुसरे होईल" एवढ्या वाक्यात संपवून टाकतो. तिच्यासाठी ते लेकरूच होते. आणि मूल न होणाऱ्या बाईला हळदी-कुंकवाला, ओटीभरणाला वगळणारे आपण, तिच्या आजाराला हातभार लावत असतो.

पुढे पाळी जाण्याचा काळ. भारतीय बायकांत तो बहुधा पंचेचाळिशीच्या आगेमागे येतो. अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, विसरायला होते, मन खचते. "वयोमान" म्हणून सोडून देण्याआधी तपासणी करावी. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. किरकोळ तक्रारीसाठी तरुण वयात पिशवी काढून टाकण्याचा प्रकार किती पसरला आहे, हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रकरणाने राज्यापुढे आले. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर पाळीचा अंत एका दिवसात होतो, आणि मनावर त्याचा आघात मोठा असतो. अशा शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

मौद्यात काय करता येईल?

आता मुद्द्याकडे. नवे काही उभारायचे नाही, जे आहे त्यातच दोन प्रश्न घालायचे आहेत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली ती २०१६ पासून चालू आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. नवजात बाळाच्या घरभेटीची ही कल्पना गडचिरोलीत बंग दाम्पत्याने रुजवली आणि देशाने उचलली. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्याच्या भेटींची त्यात भर पडली. एकूण अकरा वेळा एक सरकारी माणूस बाळंतिणीच्या उंबऱ्याशी पोहोचतो. शिवाय लसीकरणाला आई स्वतः बाळ घेऊन येते. एवढ्या भेटींत बाळाचे तापमान घेतात, वजन घेतात. आईला दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतील :

(१) गेल्या पंधरा दिवसांत मन उदास, हताश राहते काय?
(२) पूर्वी ज्यात मन रमायचे, त्यात आता रमत नाही असे होते काय?

यांतील एकाचेही उत्तर "हो" आले, तर तिसरा प्रश्न विचारावा : जगणे नको वाटते काय, स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावे असा विचार येतो काय? असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती चुकीची आहे. उलट बाईला मोकळे वाटते. मात्र हे प्रश्न सासू आणि नवरा समोर बसले असताना विचारू नयेत. बाळाला तोलण्याच्या निमित्ताने तिला बाजूला घ्यावे. आणि तिने सांगितलेले गावभर होऊ नये. एकदा बोभाटा झाला की दुसरी बाई तोंड उघडणार नाही. १९८७ मध्ये एडिनबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची यादी जगभर याच कामासाठी वापरतात, ग्रामीण रुग्णालयात तीही वापरता येईल.

यावर आक्षेप येईल की, विचारून काय करायचे, मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे? आक्षेप रास्त आहे. पण अशा प्रत्येक बाईला तज्ज्ञ लागत नाही. पाकिस्तानच्या खेड्यांत तेथील महिला आरोग्य सेविकांना थोडे प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवले गेले. उपदेश करायचा नाही, ऐकून घ्यायचे, बाळाच्या निमित्ताने घरच्यांना सामील करून घ्यायचे, लहान लहान कामे ठरवायची, एवढेच. २००८ मध्ये निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा साध्या भेटी दिलेल्या बायकांत शेकडा ५३ आजारी होत्या, या भेटी दिलेल्यांत शेकडा २३. त्याच पद्धतीवर पुढे गोव्यात 'संगाथ' संस्थेने गावातील सामान्य बायकांनाच तयार करून काम केले. आपल्या आशा ताई हुशारीत कमी नाहीत. त्यांना नीट प्रशिक्षण द्यावे आणि वाढीव कामाचा वाढीव मोबदलाही द्यावा. फुकटची समाजसेवा त्यांच्याकडून पुष्कळ घेऊन झाली आहे.

यापुढची पायरी म्हणजे ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधिकारी, आणि त्यापुढची नागपूर, जे बसने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील डॉक्टर आपल्याकडे कोणत्या दिवशी येतात, याची चौकशी चिठ्ठी काढतानाच करावी. तो वार रुग्णालयाने ठळक अक्षरांत प्रसूती विभागाच्या दारावर लावावा, अशी आमची सूचना आहे. घरून बोलायचे असेल तर 'टेलिमानस' ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला की मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

घरच्यांनी एवढे करावे

बाळंतिणीला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी व्यवस्था करा. रात्री एकदा तरी बाळ नवऱ्याने किंवा सासूने घ्यावे. तिच्यासमोर मुलगा-मुलगी, रंग, दूध कमी-जास्त याची चर्चा नको. तिच्या आईला किंवा बहिणीला चार दिवस अधिक राहू द्या. तिला किंवा तिच्या आई-बहिणीला पूर्वी असा आजार झाला असेल तर ते लपवू नका. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा, कारण अशा बाईला बाळंतपणात धोका अधिक असतो आणि आधी कळले तर तो टाळता येतो.

पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा : दोन रात्री अजिबात झोप नाही, असंबद्ध बोलणे, विनाकारण संशय, बाळाविषयी विचित्र बोलणे, मरणाची भाषा. बाईला आणि बाळाला एकटे सोडू नका. शेतावरची फवारणीची औषधे घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. गाडी नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. जिवाचे काही करून घेण्याचा प्रयत्न झालाच असेल, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. त्याच २०१७ च्या कायद्याने अशा व्यक्तीवर उपचार करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

आणि सासरच्या मंडळींना एक विनंती. बाळंतपणातला हा आजार विषमज्वरासारखा येतो आणि उपचाराने जातो. त्यावरून बाईला कायमचे वेडी ठरवू नका, तिचा संसार मोडू नका. तिला औषध वेळेवर द्या, आणि तिचे लेकरू तिच्या मांडीवर द्या.

येत्या ९ तारखेला आपल्या घरची गरोदर सून किंवा लेक तपासणीला जाणार असेल, तर डॉक्टरांना एवढेच सांगा : रक्तदाबाबरोबर हिचे मनही तपासा. दहा घरांनी सांगितले तर अकराव्या घराला सांगावे लागणार नाही.